प्लग-इन हायब्रिड, मागे कॅरावॅन आणि वाटेत ब्रेनरचा घाट: म्युनिक ते गार्डा सरोवर

प्रश्न थोडक्यात असा: म्युनिकजवळ राहणारं कुटुंब, पुण्याहून आलेले आई-बाबा, एक लहान मूल. गाडी प्लग-इन हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बाहेरून चार्ज होणारी बॅटरी, दोन्ही), ओढण्याची मर्यादा १,५०० किलो, बॅटरीतली वापरता येणारी वीज १२ युनिट. मागे ओढायचं चाकांवरचं घर, म्हणजे कॅरावॅन, १,४०० किलोची. जुलै-ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियातून इटलीतल्या गार्डा सरोवराला जायचं आहे. चार्जिंग कुठे करावं, आणि गाडीला हे झेपेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते वजनकाट्यावर मिळतं. पहिल्याचं उत्तर बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळं आहे: रस्त्यात कुठेही नाही. बॅटरी घाटासाठी राखायची आणि मुक्कामी पोहोचल्यावर भरायची.

कागद आणि वजनकाटा

जर्मन नोंदणीपत्राचा पहिला भाग हातात घ्या. ओ.१ या रकान्यात ब्रेक असलेल्या ट्रेलरची कमाल मर्यादा असते, १३ मध्ये टोबॉलवरचा (कॅरावॅन अडकवायच्या गाडीमागच्या गोळ्यावरचा) कमाल भार, एफ.२ मध्ये गाडीचं कमाल एकूण वजन, जी मध्ये चालकाचे ७५ किलो धरून रिकाम्या गाडीचं वजन. ८.१ आणि ८.२ या रकान्यांत पुढच्या-मागच्या आसांची मर्यादा असते. ती फारसं कुणी बघत नाही, आणि प्लग-इन गाडीत सगळ्यात आधी तीच ओलांडली जाते.

समजा तुमच्या गाडीचं रिकामं वजन १,९०० आणि कमाल २,४५० किलो आहे. म्हणजे हाताशी ५५० किलो. त्यात चालक सोडून तीन मोठी माणसं आणि एक मूल मिळून साधारण २२५, टोबॉलवर ७५, डिकीतलं सामान आणि चार्जिंगच्या केबल १००, टोबॉलचा दांडा, म्हणजे टोबार, नंतर बसवून घेतला असेल तर त्याचे ३५. झाले ४३५. वरवर बरं दिसतं. पण टोबॉल मागच्या आसाच्याही मागे असतो, त्यामुळे तिथले ७५ किलो तरफेसारखे काम करतात. टोबॉल आसापासून १.१ मीटर मागे आणि दोन आसांतलं अंतर २.७ मीटर असेल, तर मागच्या आसावर ७५ नव्हे, सुमारे १०५ किलो येतात आणि पुढचा आस ३० किलोंनी हलका होतो. प्लग-इनमध्ये बॅटरी बहुधा मागच्या बाजूला असते, तिचं वजन तिथे आधीच बसलेलं आहे. म्हणून डिकीतलं जड सामान कमी करा. ते कॅरावॅनच्या आसावर, जमिनीलगत ठेवा, अर्थात कॅरावॅनची मर्यादा सांभाळून.

तीही सहज भरते. कमाल १,४०० किलोच्या कॅरावॅनचं तयार अवस्थेतलं वजन १,१८० असेल तर उरतात २२० किलो. तंबूसारखा पुढचा मंडप २५ ते ३०, मूव्हर (कॅरावॅन जागेवर हलवणारी मोटर) ३० ते ३५, टाकीत ४० लिटर पाणी म्हणजे ४० किलो, खुर्च्या-टेबल २०, त्यावर अंथरुणं, कुकर, डबे आणि महिन्याचा किराणा. तांदूळ-डाळ गार्डाच्या दुकानांतही मिळते. पाण्याची टाकी रिकामीच न्या, कॅम्पिंगवर भरा.

अंदाजावर विसंबू नका. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात सगळं भरून, सगळ्यांना बसवून वजनकाट्यावर जा. मोजमापं चार घ्या: आख्खी जोडगाडी, फक्त कॅरावॅन, गाडीचा मागचा आस आणि टोबॉलवरचा भार. टोबॉलवरचा भार कॅरावॅनच्या वजनाच्या किमान ४ टक्के हवा, आणि चांगला तोच जो गाडीच्या परवानगीच्या वरच्या टोकाजवळ असतो. तो कमी असला की कॅरावॅनची शेपटी डोलायला लागते.

गाडीच्या माहितीपुस्तकातली आणखी एक ओळ शोधा. अनेक उत्पादक लिहितात की समुद्रसपाटीपासून १,००० मीटरच्या वर सुरू होणाऱ्या प्रत्येक १,००० मीटरमागे जोडगाडीचं एकूण वजन १० टक्क्यांनी कमी धरावं. तुमची मर्यादा २,४५० अधिक १,५०० म्हणजे ३,९५० किलो. ऑस्ट्रिया-इटली सीमेवरचा ब्रेनर १,३७० मीटरवर आहे. तुमच्या पुस्तकात ही अट असेल तर मर्यादा ३,५५५ वर येते, आणि गच्च भरलेली जोडगाडी ३,७०० च्या आसपास जाते. दीडशे किलो घरी ठेवायचे आहेत असं समजून यादी नव्याने करा.

परवाना आणि वेग

भारतीय परवान्यावर जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहाच महिने चालवता येतं, त्यामुळे तुमच्याकडे जर्मन बी वर्गाचा परवाना असेल. ट्रेलर ७५० किलोपेक्षा जड असला की बी वर्गात दोन्हींची कमाल वजनं मिळून ३,५०० किलोपर्यंतच परवानगी आहे. इथे कागदावरचं कमाल वजन धरतात, काट्यावरचं नाही. २,४५० अधिक १,४०० म्हणजे ३,८५०. म्हणजे बी ९६ हवा. त्याची मर्यादा ४,२५० किलो, परीक्षा नाही, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सात तासांचं प्रशिक्षण आणि परवान्यावर नोंद. सुट्टीच्या तोंडावर धावपळ नको, दोन महिने आधी करून टाका.

याच ३,५०० च्या रेषेने वेगही बदलतो. जर्मनीत कॅरावॅनला १०० चा स्टिकर मिळालेला असेल तर ऑटोबानवर ताशी १००, नसेल तर ८०. स्टिकरसाठी कॅरावॅनचे टायर सहा वर्षांच्या आतले हवेत. टायरवर २३२१ असं लिहिलं असेल तर तो २०२१ च्या २३ व्या आठवड्यातला. कॅरावॅनला हायड्रॉलिक शॉक ॲबसॉर्बर असतील तर तिचं कमाल वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ०.८ पटीपर्यंत चालतं. १,९०० च्या ०.८ पट म्हणजे १,५२०, तुमची १,४०० ची कॅरावॅन त्यात बसते. बॅटरीच्या जडपणाचा झालाच तर एवढा एक फायदा.

कुफस्टाइनला सीमा ओलांडली की मात्र ऑस्ट्रियाचा नियम लागतो. जड ट्रेलर आणि दोन्हींची कमाल वजनं मिळून ३,५०० च्या वर असतील तर मोटरवेवर ८०, गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर ७०. जर्मनीतला स्टिकर तिथे कामाचा नाही. इटलीत मोटरवेवर ८०, बाहेर ७०. थोडक्यात, सीमेनंतर सबंध वाट ८० ची. वेळेचा हिशेब त्यावरच करा: म्युनिकपासून सरोवराच्या दक्षिण टोकापर्यंत सुमारे ४२० ते ४३० किमी, थांबे धरून आठ तास. घाई करून फार मिळतही नाही. ८० वरून १०० वर गेलात की हवेचा अडथळा ५६ टक्क्यांनी वाढतो, आणि कॅरावॅन म्हणजे हवेशी झुंजणारी भिंतच.

बॅटरी कुठे खर्च करायची

हा खरा मुद्दा. कॅरावॅन मागे असताना सपाट मोटरवेवर निव्वळ विजेवर १०० किमीला ३० ते ४० युनिट लागतात. तुमचे १२ युनिट ३० ते ४० किमीत संपतील, म्हणजे घरून निघून होल्झकिर्शन मागे पडतं न पडतं तोच. गाडी स्वतःच्या मर्जीवर सोडली तर ती नेमकं हेच करते: बॅटरी भरलेली दिसली की आधी ती संपवते. मग इर्शेनबर्गच्या चढावर आणि पुढे ब्रेनरवर एकटं इंजिन उरतं.

इन्सब्रुक सुमारे ५७४ मीटरवर, ब्रेनर १,३७० वर. ३,७०० किलो तेवढे उचलायला साधारण ८ युनिट ऊर्जा लागते. त्यात हवेचा आणि टायरांचा अडथळा धरलेला नाही. ६ टक्के चढावर ताशी ८० राखायला चाकांपाशी ७० किलोवॅटच्या आसपास हवेत. दीड लिटरचं टर्बो इंजिन ते एकटं देईलही, पण उंच आरपीएमवर, तापत, आणि पुढचा ट्रक ओलांडायला काही न शिल्लक ठेवता.

एवढंच असतं तर सोसता आलं असतं. खरी पंचाईत होते ती घाटात ट्रॅफिक तुंबल्यावर. बऱ्याच प्लग-इन गाड्यांत जागेवरून सुटताना विजेची मोटर ओढते आणि क्लच नंतर जुळतो. बॅटरी रिकामी असली की क्लचला घसरत घसरत ३,७०० किलो हलवावे लागतात, तेही दर वीस मीटरला. तेल तापतं, गिअरबॉक्स गरम झाल्याचा इशारा येतो, गाडी कडेला घ्यावी लागते. काही हायब्रिडमध्ये रिव्हर्स फक्त विजेच्या मोटरवर चालतो. चढावर कॅरावॅन मागे ढकलायची वेळ आली आणि बॅटरी तळाला असली तर गाडी जागची हलत नाही. ब्रेनरवर ही वेळ येण्याची शक्यता बरीच आहे: लुएग पुलाच्या कामामुळे २०२५ पासून तिथे बराच काळ एकेकच लेन खुली ठेवली जाते.

म्हणून क्रम असा. रात्री घरी पूर्ण चार्ज करा. निघतानाच बॅटरी राखायचा मोड लावा, ज्याला गाडीनुसार होल्ड किंवा सेव्ह म्हणतात. काही गाड्या इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर हा मोड विसरतात, त्यामुळे प्रत्येक थांब्यानंतर तपासा. इर्शेनबर्गला दोन-तीन युनिट गेले तर जाऊ द्या. कुफस्टाइन ते इन्सब्रुक हा इन नदीच्या खोऱ्यातला ७० किमीचा पट्टा जवळजवळ सपाट आहे. इन्सब्रुकला पोहोचताना ७० टक्क्यांच्या खाली जाणार असं दिसलं, तर इथे चार्ज मोड लावून इंजिनकडून थोडी भरून घ्या. पेट्रोल जास्त जातं आणि एरवी हा मोड तोट्याचाच, पण घाटाच्या पायथ्याशी तो पैसा वसूल होतो. चढावर तो कधीही लावू नका, कारण तेव्हा इंजिन कॅरावॅनही ओढतं आणि बॅटरीही भरतं.

पायथ्याशी साधा हायब्रिड मोड लावा. वर पोहोचताना १५ ते २० टक्के उरले तर नियोजन जमलं म्हणायचं.

उतार

इथे गैरसमज फार. उतारावर बॅटरी आपोआप भरेल असं सगळ्यांना वाटतं. ब्रेनर ते स्टर्झिंग १५ किमीत सुमारे ४२० मीटर उतरतं. कागदावर ४ युनिटांहून थोडं जास्त. पण त्यातली अर्ध्याहून अधिक ऊर्जा कॅरावॅनला हवेतून ढकलण्यातच जाते, आणि हाती एक-दीड युनिट लागलं तर खूप. पुढे बोल्झानोपर्यंत सरासरी उतार इतका सौम्य आहे की इंजिन पुन्हा चालवावंच लागतं.

तरीही वर भरलेली बॅटरी घेऊन पोहोचू नका. बॅटरी पूर्ण भरलेली असली की ती वीज घेत नाही, मोटरचा ब्रेक नाहीसा होतो आणि सगळा भार ब्रेक पॅडवर येतो.

कॅरावॅनचा ब्रेक वेगळ्या तत्त्वावर चालतो. गाडी मंदावली की कॅरावॅन पुढे सरकून कपलिंग दाबते आणि त्या दाबाने तिचे ड्रम ब्रेक लागतात. लांब उतारावर तुम्ही सतत हलकं रिजनरेशन (मोटरने वीज परत घेत मंदावणं) किंवा इंजिन ब्रेकिंग ठेवलंत, तर कपलिंगचा दांडा सतत अर्धवट दाबलेला राहतो. गाडीचे ब्रेक थंड, आणि मागे कॅरावॅनचे ड्रम जळत असतात. गाडीतल्या कुठल्याही दिव्यावर ते कळत नाही. उपाय जुनाच: उतार सुरू होण्याआधी वेग ६० वर आणा, आणि वेग वाढला की ब्रेक एकदा नीट दाबून ५० वर आणून सोडा, म्हणजे ड्रमना मध्ये निवायला वेळ मिळतो. बोरघाटात ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं, हे बाबांना सांगायची गरज नाही. स्टर्झिंगच्या आसपास थांबून कॅरावॅनच्या चाकाजवळ तळहात न्या, स्पर्श न करता. एका बाजूची धग दुसरीपेक्षा बरीच जास्त असेल तर त्या ब्रेकचं ॲडजस्टमेंट चुकलेलं आहे.

रस्ता निवडताना नेव्हिगेशनला मोकळं सोडू नका. झेफेल्डहून इन खोऱ्यात उतरणारा झिर्लर बर्ग १६ टक्क्यांपर्यंत उताराचा आहे, कॅरावॅन घेऊन तिथून उतरायचा विचारही नको. टिमेल्सयोख घाट ट्रेलरना बंद आहे. ट्रॅफिक टाळायला ॲप मोटरवे सोडायला सांगेल, पण ऑस्ट्रियाच्या टायरोल प्रांतात सुट्टीच्या मोसमात शनिवार-रविवारी आडरस्त्यांनी पुढे जायला बंदी असते आणि पोलीस गाड्या परत पाठवतात. मंगळवारी-बुधवारी निघा, पहाटे चारला.

टोल

ऑस्ट्रियाचं व्हिनेट (मोटरवे वापरण्याचा मुदतीचा पास) फक्त गाडीला, कॅरावॅनला वेगळं लागत नाही. ए १३ ब्रेनर मोटरवेचा टोल निराळा, तो आधी ऑनलाइन भरता येतो. इटलीत आसांवर टोल ठरतो: तुमची दोन आसांची गाडी आणि एका आसाची कॅरावॅन मिळून तिसरा वर्ग. पिवळी टेलिपासची (आपोआप टोल कापणाऱ्या यंत्राची) लेन टाळा, तिथे अडकलात तर मागे घ्यायला जागा नसते. परतताना स्वित्झर्लंडमार्गे यायचं मनात असेल, तर तिथे कॅरावॅनलाही वेगळं ४० फ्रँकचं व्हिनेट लागतं, आणि ब्रेक तुटल्यास लागणारी सुरक्षा-तार टोबॉलभोवती नुसती गुंडाळून चालत नाही, गाडीवरच्या पक्क्या कडीत अडकवावी लागते.

सगळ्यांचे पासपोर्ट आणि वास्तव्य परवाने जवळ ठेवा. आई-बाबांचा शेंगेन व्हिसा तिन्ही देशांत चालतो, पण परतीच्या वाटेवर जर्मन सीमेवर तपासणी होते. चालत्या कॅरावॅनमध्ये कुणीही बसायचं किंवा आडवं व्हायचं नाही, आईची कंबर कितीही दुखत असली तरी.

पेट्रोल आणि तारा

प्लग-इनची पेट्रोल टाकी लहान असते, ४५ लिटर धरा. ओढताना १०० किमीला १२ ते १३ लिटर जातात. राखीव सोडून ३०० किमी, म्हणून २५० ला भरायचं. मोटरवेवरच्या पंपापेक्षा बाहेर पडून लगेचच्या पंपावर स्वस्त पडतं, फक्त वळायला जागा आहे का ते आधी नकाशावर पाहा. वाटेतल्या फास्ट चार्जरचा विचार सोडा. बहुतेक प्लग-इन गाड्या डीसी घेतच नाहीत, एसीवर ३.६ ते ७.४ किलोवॅटने तास न् तास लागतात, आणि बहुतेक जागी त्यासाठी कॅरावॅन सोडावी लागते.

१३ पिनांच्या प्लगमधली ९ नंबरची पिन कायम चालू असते. जेवायला चार तास थांबलात किंवा रात्री प्लग लावून ठेवलात, तर कॅरावॅन गाडीची १२ व्होल्टची लहान बॅटरी पिऊन टाकते. ती मेली की मोठ्या बॅटरीत वीज असूनही गाडी सुरू होत नाही, कारण मोठी बॅटरी जोडणारे रिले जुळायला तेच १२ व्होल्ट लागतात. लांब थांब्यावर प्लग काढा. आणखी एक: घर्षणाने डोलणं थांबवणारं कपलिंग असेल तर टोबॉल स्पिरिटने पुसून कोरडा ठेवा, ग्रीस लावलंत तर त्याचं काम संपलं. साधं कपलिंग असेल तर उलट ग्रीस हवंच. चाकांचे नट ५० किमीनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. युरोपा पुलावर आडवा वारा असतो. कॅरावॅन डोलायला लागली तर स्टिअरिंगशी झुंजू नका, सरळ धरून ठामपणे ब्रेक लावा.

मुक्कामी चार्जिंग

बुकिंग करतानाच दोन गोष्टी विचारा: जागेवरच्या खांबाला किती अँपिअर, आणि तिथून गाडी चार्ज करायला परवानगी आहे का. बऱ्याच कॅम्पिंगवर नसते, वेगळा चार्जर असतो. इटलीत ६ अँपिअरचे खांब अजूनही सर्रास आढळतात. ६ अँपिअर म्हणजे १,३८० वॅट. गाडीच्या चार्जिंगचं मानकानुसार किमान ६ अँपिअरच आहे, त्याखाली गाडी घेत नाही. म्हणजे फ्रिज चालू असेल तर खांब ट्रिप होणारच. १० अँपिअरवर गाडी ६ वर ठेवली तर घरासाठी ९२० वॅट उरतात. फ्रिज आणि मिक्सर चालेल, २,००० वॅटची किटली किंवा इंडक्शन नाही. चटणी वाटायची ती वाटा, चहा मात्र गॅसवर. १६ अँपिअर मिळाले तर निवांत.

रिकामी बॅटरी ६ अँपिअरवर भरायला दहा तास, १० वर सहा. रात्री अकराला लावा. केबल तीन तारांची, २.५ चौरस मिलिमीटरची, आणि गुंडाळीवरून पूर्ण सोडलेली हवी. गुंडाळलेली केबल तासन्‌तास भार वाहताना वितळते. पहिल्या तासानंतर प्लगला हात लावून बघा: कोमट चालेल, चटका बसला तर बंद. चार्जिंगचा डबा लाल दिवा दाखवून अडून बसला, तर बहुधा त्या खांबाला अर्थिंग नाही. दुसरा खांब मागा, अडॅप्टरांची जुगाड करू नका.

गॅसची जर्मन टाकी इटलीत बदलून मिळत नाही, त्यामुळे भरलेली न्या. प्रवासात व्हॉल्व्ह बंद ठेवा. २०२५ पासून जर्मनीत कॅरावॅनच्या गॅसजोडणीची दर दोन वर्षांनी तपासणी सक्तीची आहे, त्या तपासणीच्या नोंदीचं पिवळं पुस्तक सोबत असू द्या.

कॅरावॅन सोडल्यावर मात्र ही गाडी आपलं खरं रूप दाखवते. एकटी गाडी १२ युनिटांत ६० किमीच्या आसपास जाते. पेस्किएराहून वेरोना जाऊन-येऊन जवळपास विजेवरच होतं. जुन्या शहरभागाच्या कॅमेरा-क्षेत्रात (परवानगीशिवाय गाड्यांना बंद असलेल्या भागात) शिरू नका. विजेची गाडी असल्याची सबब तिथे चालत नाही, आणि दंडाची चिठ्ठी कित्येक महिन्यांनी जर्मनीच्या पत्त्यावर येते. गाडी बाहेर लावून बसने जा. परतीच्या आदल्या रात्री बॅटरी पूर्ण भरा, कारण बोल्झानोपासून ब्रेनरपर्यंत ८५ किमीत १,१०० मीटर चढायचं आहे, आणि शेवटचा तीव्र चढ स्टर्झिंगनंतर लागतो. होल्ड मोड तिथेच उठवायचा.